रामेश्वरची बाटली

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमचे हे स्वतःहून दाढी करतात. एरवी ब्रश हातात दिला, पाण्याचा मग समोर ठेवला, तरी आरशात बघत बसतात आणि विचारतात, "आज कुठे जायचंय का?" सोमवारी विचारतात, मंगळवारी विचारतात, आणि मी "नाही हो, घरीच आहोत" म्हणून म्हणून दमते. पण त्या रविवारी, कसं कोण जाणे, सकाळी उठून बेसिनपाशी उभे असतात. गालाला दोन ठिकाणी कापून घेतात, कानाखाली साबण राहतो, पण दाढी होते. कारण त्या दिवशी वाळूची बैठक असते.

हो, वाळूची. माझी बहीण अजून हे ऐकलं की तोंडाला पदर लावते. कुणी तिकिटं जमवतं, कुणी नाणी. आमचे हे आणि यांच्यासारखे सात-आठ जण वाळू जमवतात. जिथे जाल तिथल्या नदीची, समुद्राची, ओढ्याची मूठभर वाळू आणायची, वाळवायची, इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत भरायची, वर चिठ्ठी चिकटवायची. महिन्यातून एकदा गंगापूर रोडला एका निवृत्त बँकवाल्यांच्या फ्लॅटवर जमायचं. त्यांना सगळे अध्यक्ष म्हणतात. निवडून कुणी दिलेलं नाही, पण रजिस्टर त्यांच्याकडे असतं, आणि ज्याच्याकडे रजिस्टर तो अध्यक्ष. प्रत्येकाने एक बाटली काढायची आणि तिथला प्रवास सांगायचा. मग पोहे, चहा, घरी.

नियम मात्र कडक. स्वतः गेलेलं असलं पाहिजे आणि स्वतःच्या हाताने उचललेलं असलं पाहिजे. एकाच्या मुलाने अमेरिकेहून समुद्राची वाळू पाठवली, छान डबीत घालून. अध्यक्षांनी ती हातातसुद्धा घेतली नाही. "तुम्ही गेला होतात? नाही ना? मग ती तुमच्या मुलाची." ते गृहस्थ तीन महिने रुसून बसले होते. आणि खोटी वाळू सापडली, तर ती अध्यक्षांच्या बाल्कनीतल्या जास्वंदीच्या कुंडीत ओतायची आणि त्या माणसाची पाळी वर्षभर बंद. बसायचं, ऐकायचं, पोहे खायचे, बोलायचं नाही. नातवंडं झालेली माणसं, पण या बाबतीत तिसरीतल्या पोरांपेक्षा वाईट. मी जन्मभर शाळेत शिकवलंय, मला विचारा.

हे रेल्वेत होते, इगतपुरीला. पास मिळायचा. वर्षातून एक-दोनदा हे कुठेतरी निघायचेच, कधी मित्रांबरोबर, कधी एकटे. पासावर 'पत्नी' म्हणून माझंही नाव असायचं. कागदावर मी अख्खा हिंदुस्थान फिरले आहे. प्रत्यक्षात सासूबाई, दोन मुलं आणि जिल्हा परिषदेची शाळा. हे रुमालात ओली वाळू बांधून आणायचे आणि ओट्यावर ठेवायचे. "वाळव जरा." वाळव जरा! इगतपुरीच्या पावसात चार-चार दिवस परकर वाळत नाहीत, तिथे वाळू वाळते होय? मी ती तव्यावर भाजायचे. भाकरीच्या तव्यावर, मंद आचेवर, रव्यासारखी. मी भाजायचे आणि हे बाजूला पाटावर बसून सगळा प्रवास सांगायचे. मग चहाच्या जुन्या गाळणीने गाळायची, बाटलीत भरायची, चिठ्ठी लिहायची. अक्षर माझं चांगलं. एकशे चाळीस बाटल्या आहेत आणि एकशे चाळीस चिठ्ठ्यांवर माझं अक्षर आहे.

दोन-अडीच वर्षांपूर्वी हे विसरायला लागले. आधी स्टेशनांची नावं गेली. रेल्वेच्या माणसाची स्टेशनांची नावं जायची म्हणजे काय, कल्पना करा. मग कोण बरोबर होतं ते गेलं, मग जेवलो की नाही ते गेलं. डॉक्टरांनी नाव सांगितलं त्या आजाराचं, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "यांना माणसांत ठेवा." माणसांत म्हणजे कुणात? मुलगा बंगळूरला, मुलगी नागपूरला. फोनवर दोघंही मला सांगतात, "आई, तू स्वतःची काळजी घे." कधी घेऊ? गॅसचं बटण मी दिवसातून दहा वेळा बघते. दाराला आतून कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. एकच प्रश्न सतरा वेळा आला की अठराव्यांदा मी खेकसते, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडते. माझे गुडघे गेलेत. दुष्काळात तेरावा महिना.

म्हणून बैठकीला मी यांच्याबरोबर जायला लागले. हे अडले की मी मागून शब्द पुरवायचे. सगळे प्रवास मला पाठ होते, तव्यासमोर ऐकलेले. पण मागच्या महिन्यात कहरच झाला. नर्मदेचा सगळा प्रवास मीच सांगितला. हे बाटली हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होते आणि शेवटी म्हणाले, "वा! छान आहे हो गाव."

निघताना अध्यक्षांनी मला दाराशी थांबवलं. "वहिनी, राग मानू नका. पण पाळी ज्याची, तोंड त्याचं. पुढच्या वेळी त्यांना नाही जमलं, तर मग नुसते येऊन बसू देत. पोहे-चहा आहेच."

नुसते येऊन बसू देत म्हणे! मला इतका राग आला की लिफ्टमध्ये मी यांच्यावरच डाफरले. ज्याचं जळतं त्याला कळतं. पाळी गेली की बाटली निवडायला नको, बाटली नाही की दाढी नाही, आणि मग यांना दुसरा रविवार काय नि तिसरा काय, सारखाच. महिन्यातला तेवढा एक दिवस हे माझ्या ओळखीचे असतात. आणि खरं सांगायचं तर त्या दोन तासांत यांच्याकडे बघायला माझ्याशिवाय आणखी सात माणसं असतात. मला तेवढंसुद्धा सोडायचं नव्हतं.

म्हणून महिनाभर मी यांच्याकडून सोमनाथ घोकून घेतलं. सोमनाथ सोपं होतं. वेरावळला पहाटे उतरलो, टांगा केला, देवळामागे समुद्र, तिथे एक चप्पल लाटेबरोबर गेली, दुसरी पण मग फेकून दिली. रोज दुपारी चहाबरोबर, पाढे म्हणवून घ्यावेत तसं. कधी चप्पल आधी जायची, टांगा नंतर. कधी टांगाच समुद्रात जायचा. पण शनिवारी यांनी एकदाही न अडखळता सगळं सांगितलं. मला एवढा आनंद झाला की मी शिरा केला.

रविवारी पंचवटीतून रिक्षा केली. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खणून ठेवलेत, पुलापर्यंत पोचायला वीस मिनिटं. रिक्षावाला सरकारला शिव्या घालत होता, हे त्याला "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणत होते. मी विचारलं, "बाटली खिशात आहे ना?" "आहे गं." मी खिसा चाचपला नाही. गॅसचं बटण दहा वेळा बघणारी बाई मी, पण खिसा नाही बघितला.

बैठकीत दोघांचं सांगून झालं आणि यांची पाळी आली. हे उभे राहिले. एरवी कुणी उभं राहत नाही, पण हे राहिले, आणि खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली. मी खोलीच्या त्या टोकाला होते, तरी मला कळलं. सोमनाथची वाळू फिकी पिवळी आहे. ही काळी होती.

अध्यक्षांनी चष्मा वर करून चिठ्ठी वाचली. "रामेश्वर?" मग रजिस्टर चाळलं. "अरे! ही तर तुम्ही कधीच दाखवली नाहीत."

बैठकीच्या पंधरा वर्षांत यांनी मनमाडच्या ओढ्याची वाळू दोनदा आणली होती. रामेश्वरची एकदाही नाही. का नाही, हे माझ्या डोक्यात त्या दिवसापर्यंत आलं नव्हतं. त्या बाटलीत रामेश्वरची वाळू नव्हतीच. पस्तीस वर्षांपूर्वी मीच ती बदलली होती, आणि मला वाटायचं यांना पत्ता नाही. पण पांढरी वाळू दिली आणि काळी परत मिळाली, हे न कळायला हे काही आंधळे नव्हते. यांना माहीत होतं. अवाक्षर न बोलता यांनी ती बाटली घरच्या डब्यात राहू दिली होती. आणि आता ते माहीत असणंच विसरून गेले होते.

हे बोलायला लागले. आणि काय बोलले! एकदाही थांबले नाहीत. मद्रासला गाडी बदलली, पांबनच्या पुलावर गाडी मुंगीच्या चालीने जाते, खाली बघितलं तर दोन्हीकडे नुसतं पाणी. अध्यक्ष खुशीत मान डोलवत होते. मी देवाला हात जोडायचेच काय ते बाकी होते.

"तिथला समुद्र एकदम शांत. तळ्यासारखा," हे म्हणाले. "ही उतरायला तयार नाही. साडी भिजेल म्हणाली. चपला हातात घेऊन काठावर उभी. शेवटी घोट्याएवढ्या पाण्यात आली, तर पायाला मासोळी चावली. केवढ्यांदा किंचाळली! लोक बघायला लागले, आणि मग हीच हसायला लागली."

सगळे हसले. अध्यक्षांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय वहिनी, खरं का? तुम्ही कधी बोलला नाहीत ते!"

"हो" म्हणायला काय जात होतं माझं? एक अक्षर. पण आतून असं काही उसळलं, की बाई गं! वाळव जरा, लिही जरा, सांभाळ जरा. आणि वर आता म्हणे मी होते!

"मी नव्हते," मी म्हटलं. "मी कधीही रामेश्वरला गेलेली नाही."

यांचा चेहरा पडला. पाढा चुकला की पोरांचा पडतो ना, तसा. "होती गं तू," हे हळूच म्हणाले आणि खाली बसले.

आता अध्यक्षांपुढे प्रश्न उभा राहिला. बाटली पहिल्यांदा दाखवली की तिची परीक्षा होते, तो त्यांचा नियमच आहे. कॉलेजात केमिस्ट्री शिकवलेल्या एक ताई आहेत, त्या पोह्यांसाठी आणलेल्या लिंबांतलं एक कापून घेतात. समुद्राच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, त्यावर लिंबाचा थेंब पडला की बारीक फेस येतो. ताईंनी चार कण बशीत घेतले, थेंब टाकला. सगळे वाकून बघत होते. कसला फेस नि कसलं काय. काळे कण, वर लिंबाचा रस.

"ही नदीची आहे," ताई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या.

अध्यक्षांनी बशीकडे बघितलं, मग रजिस्टराकडे. त्यांनाही ते नको होतं, हे मला दिसत होतं. पण अमेरिकेच्या वाळूचे ते गृहस्थ समोरच बसलेले. अध्यक्षांनी बाटली उचलली आणि बाल्कनीच्या दाराकडे निघाले. हे स्वतःच्या रिकाम्या हाताकडे बघत बसले होते. आपलं काय चुकलं ते यांना कळत नव्हतं, पण काहीतरी चुकलं एवढं कळत होतं.

"थांबा," मी म्हटलं. "ती वाळू यांनी नाही बदलली. मी बदलली. यांनी खरी आणली होती."

अध्यक्ष दारातच थांबले. मला वाटलं आता माझी बोळवण होणार. पण बँकेत जन्म काढलेला माणूस, तो आधी नीट चौकशी करणार.

"म्हणजे ही जी बाटलीत आहे, ती कुणी आणली?"

"मी."

"कुठून?"

"इगतपुरीची. आमच्या क्वार्टरच्या मागे बांधकाम चाललं होतं, तिथल्या ढिगातली."

"स्वतः गेला होतात?"

"गेले होते की. चाळीस पावलं असतील."

"स्वतःच्या हाताने उचललीत?"

"चहाच्या कपाने."

अध्यक्ष परत येऊन बसले, बाटली टेबलावर ठेवली आणि पेनाचं टोपण काढलं. "मग ही खोटी नाही. चिठ्ठी चुकली आहे, तेवढी बदला. ही बाटली तुमच्या नावावर लिहितो. यांनी आज बाटली आणलेलीच नाही, यांची पाळी पुढच्या महिन्यात." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पण प्रवास सांगावा लागेल, वहिनी. पाळी ज्याची, तोंड त्याचं."

अमेरिकावाले गृहस्थसुद्धा "सांगा, सांगा" म्हणाले.

चाळीस पावलांचा प्रवास! काय सांगायचं? माझ्याने 'मी' म्हणवेना. म्हणून शाळेत सांगायचे तशी सुरुवात केली. एक बाई होती.

ती बाई इगतपुरीला राहायची. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि पासावरचं नाव सोडलं तर ती कुठे गेली नव्हती. त्या दिवाळीच्या सुट्टीत नवरा म्हणाला, चल, रामेश्वरला जाऊ. तिने हिरवी साडी घेतली. दोन दिवसांचा प्रवास म्हणून डबाभर चिवडा केला, दशम्यांचं पीठ दळून आणलं. निघायला आठ दिवस राहिले आणि सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, पाय प्लॅस्टरमध्ये. ती म्हणाली, पुढच्या वर्षी जाऊ. नवरा म्हणाला, पास वाया जाईल, दोघांनी कशाला अडकायचं? आणि गेला. चिवडा घेऊन गेला.

"चिवडा घेऊन?" ताई म्हणाल्या.

"डब्यासकट."

सगळे हसले, मीही हसले. मग पुढचं सांगितलं. बाराव्या दिवशी नवरा आला, रुमाल ओट्यावर ठेवला, म्हणाला, वाळव जरा. तो आंघोळीला गेला, तिने तवा ठेवला, वाळू टाकली. शुभ्र, बारीक, मधे शिंपल्यांचे तुकडे. तवा तापायच्या आधी तिचं डोकं तापलं. तसाच तवा उचलून ती मागच्या दाराने बाहेर गेली आणि सगळी वाळू तुळशीच्या कुंडीत उपडी केली. मग घाबरली. आता बाटलीत काय भरायचं? म्हणून कप घेऊन ढिगाकडे गेली. कपभर वाळू आणली, धुतली, भाजली, गाळली, भरली, आणि वर लिहिलं, रामेश्वर. इतकं सुरेख अक्षर तिने परत कधी काढलं नाही.

एवढंच, असं म्हणून मी थांबले. मला दम लागला होता.

हे हनुवटी हातावर टेकून ऐकत होते. कुणाही पाहुण्याचं ऐकावं तसं, मन लावून. मी थांबले तशी म्हणाले, "मग? नेलं का त्याने तिला नंतर?"



"नाही," मी म्हटलं. "सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला होत्या. मग मुलांच्या शाळा, परीक्षा. राहूनच गेलं."

"च्च." यांनी मान हलवली. खरोखरच वाईट वाटलं होतं यांना. "चुकलंच त्याचं. पास काय हो, पुढच्या वर्षी परत निघतो. रेल्वेत होता ना तो? मग त्याला माहीत असणार. बाईमाणूस साडी घेऊन, चिवडा करून बसलेली आणि हा एकटा निघून जातो? गाढवच म्हणायचा."

पस्तीस वर्षं मला हे यांच्या तोंडून ऐकायचं होतं. भांडून नाही मिळालं, अबोला धरून नाही मिळालं. आणि आता मिळालं ते असं. मी पदराने डोळे पुसले. अध्यक्ष रजिस्टरात काहीतरी लिहीत असल्यासारखं करत होते.

"नाही हो," मी म्हटलं. "गाढव नव्हता. तसा बरा होता."

यांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं. गालावर सकाळचं कापलेलं, कानाखाली साबण वाळलेला.

"तुम्ही ओळखता त्याला?"

"ओळखते," मी म्हटलं, आणि पदर ओला करून कानाखालचा साबण पुसला.